बाबालाल पटवेकऱ्यांचा पुढचा दात

बाबालाल पटवेकरी माझ्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी आले असते असं मला वाटत नाही. फातिमाचाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दंडाला धरून आणलं म्हणून आले. दवाखाना महाद्वार रोडच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढतानाचं दोघांचं बोलणं मला आत ऐकू येत होतं.

"गार पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की टकुरं धरून बसतायसा. किती दिस चालायचं हे?" चाची म्हणत होत्या.

"हळू बोल की. खाली गिऱ्हाईक हाय माझं," चाचा म्हणाले.

मी दातांची डॉक्टर. अनुजा माझं नाव. कसबा बावड्यातून रोज गाडीवरून येते आणि अठरा वर्षं कोल्हापूरकरांची तोंडं बघते. मावा खाऊन आवळलेली तोंडं, मिश्रीनं काळी पडलेली तोंडं, बाटलीचं बूच दातानं काढायची पैज जिंकून पुढचा दात हरलेली तोंडं. माझा स्वभाव तापट आहे, मी पेशंटला रागावते. रागावून कुणी सुधारत नाही हे मला कळलेलं आहे. पण जित्याची खोड, ती काय जाणार.

बाबालालचाचा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. पटवेकरी म्हणजे दागिने रेशमाच्या दोऱ्यात ओवून, गाठवून देणारा माणूस. कोल्हापुरी साजाची पानं आणि मणी सोनार घडवतो आणि मोकळा होतो. ती पानं बाईच्या गळ्यात सरळ रांगेत बसतात, एकमेकांवर चढत नाहीत, ते पटवेकऱ्याच्या गाठींमुळं. गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, एका पेढीच्या पायरीवर, एक माणूस मांडी घालून बसेल एवढ्या जागेत, चाचा चाळीस वर्षं बसत होते. आधी तिथंच त्यांचे वडील बसायचे.

मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि दिवा जवळ ओढला. तंबाखूचा डाग नाही, कीड नाही, हिरड्या चांगल्या घट्ट. आणि दात मात्र झिजून पातळ झालेले. दातावर जे पांढरं कठीण कवच असतं, इनॅमल, ते पुढच्या चार दातांवर जवळजवळ उरलंच नव्हतं. खालचा पिवळा भाग उघडा पडला होता आणि कडा काचेच्या तुकड्यासारख्या आरपार दिसत होत्या. वरच्या डाव्या पुढच्या दाताच्या टोकाला एक खाच होती. बारीक, गुळगुळीत, कानशीनं मुद्दाम पाडावी तशी.

"तंबाखू?"

"न्हाय."

"पान? सुपारी?"

"कवाच न्हाय."

"सोडा, कोल्ड्रिंक? लिंबू चोखता?"

"न्हाय."

"रात्री घशाशी आंबट पाणी येतं?"

"न्हाय ओ. तसलं काय न्हाय."

"मग दात घासता कशानं?"

इथं चाचा खुलले. खुर्चीत जरा ताठ बसले आणि एखाद्यानं घरची खास रेसिपी सांगावी तसं सांगू लागले. साज ओवायला येतो तेव्हा जुना असेल तर हळदीनं, घामानं, तेलानं माखलेला असतो. तो आधी चिंचेच्या कोळात पाव तास भिजवायचा, मग मऊ कुंचल्यानं घासायचा. लख्ख होतो. दाताला तेच. रोज संध्याकाळी काम उरकलं की चिंचेचा कोळ तोंडात धरायचा, पाव तास, बोलायचं नाही. मग फडक्यातून गाळलेली बारीक रांगोळी बोटावर घेऊन घासायचं. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून एक दिवस चुकलेला नाही. रमजानमध्येसुद्धा नाही, रोजा सुटला की आधी खजूर आणि मग हे.

"सोन्याला चालतंय ते दाताला न चालायला काय झालं?" ते म्हणाले.

दात घालवायचे कसे यावर कुणी पुस्तक लिहिलं असतं, तर त्यात ही कृती पहिल्या पानावर असती. आंबटानं कवच मऊ पडतं. मऊ पडलेलं कवच लाळेच्या जोरावर पुन्हा जरा घट्ट होतं, पण त्याला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. हे गृहस्थ छत्तीस वर्षं कवच भिजवून मऊ करत होते आणि मऊ झाल्या क्षणी दगडाच्या पुडीनं खरवडत होते. मी रागावले. चांगलीच रागावले. म्हटलं, तंबाखू खाल्ली असतीत तर बरं झालं असतं, निदान दात तरी जाडीला राहिले असते.

चाचांनी नुसतं तोंड पुसलं. चाची बोलल्या. म्हणाल्या, "त्येचं काय हाय डाक्टर, ह्येंचा दोरा तोंडात असतोय दिवसभर. काळा, लाल. रंग उतरतोय दातावर. आमचं लगीन ठरायच्या टायमाला माझी मामी म्हणाली, पोरगं तंबाखू खातंय, दात बघा त्येचं. मोडत आलतं लगीन. तवापासून हे घासणं सुरू झालं."

जन्मात तंबाखूला हात न लावलेल्या माणसावर तो आळ आला होता. तो पुसायला त्यानं जे घरात होतं, जे त्याला येत होतं, ते वापरलं. माझा राग तिथंच ओसरला, आणि तो ओसरला की मला नेहमी वाईट वाटायला लागतं.

मग मी शांतपणे समजावलं. चिंच बंद, रांगोळी बंद. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, हलक्या हातानं, दोन वेळा. आंबट खाल्लं तर साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि अर्धा तास ब्रशला हात लावायचा नाही. खालच्या दातानं वरचे घासायचे नाहीत. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा परत म्हणूनही दाखवलं.

"आनि मग नवं कवा येतंय?" त्यांनी विचारलं.

"काय नवं?"

"हे वरचं. कवच म्हनला न्हवं का तुमी."

मी म्हटलं, ते येत नाही. नख येतं, केस येतात, कातडी भरून येते. हाडसुद्धा जुळतं. दाताचं कवच एकदा गेलं की गेलं, ते करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर यायच्या आतच मरून जातात. आहे तेवढं राखायचं.

"सोनं झिजलं तर आमी भर घालतो," चाचा म्हणाले.

"मी पण घालते. त्या खाचेत आत्ता भरून देते सिमेंट."

त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि मान हलवली. ती खाच त्यांना हवी होती.

का हवी ते मला पुढच्या आठवड्यात गुजरीत जाऊन बघितल्यावर कळलं. चाचा भिंतीला पाठ लावून बसले होते. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दाताच्या त्या खाचेत, आणि मधे ताणलेल्या रेशमावर दोन्ही हात मोकळे. मासा, कासव, वराह, एकेक पान सरकवायचं, मधे मणी, मागं गाठ. दशावतारांची ओळ त्यांना तोंडपाठ होती, माझ्यासारखीला गडबडायला झालं असतं. पण खरी गोष्ट हातात नव्हतीच. प्रत्येक गाठ आवळताना ते डोळे मिटायचे.

"दाताला कळतंय," दोरा तोंडातून काढून ते म्हणाले. "किती ताण झाला, रेशीम कुठं कच्चं हाय, गाठ बसली का नुसती दिसतीया. हाताला न्हाय कळत. माझ्या बापाला पण दातातच कळायचं."

म्हणजे ती खाच चाळीस वर्षांत दोऱ्यानं पाडली होती आणि आता दोरा तिच्यातच बसत होता. मी त्यांना म्हटलं, चाचा, दात इतका पातळ आहे की त्याच खाचेवरून एक दिवस तडकणार. दोरा दुसऱ्या कशात तरी धरा. ते म्हणाले, बघतो.

आणि त्यांनी खरंच बघितलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण आम्हा डॉक्टरांत अडाणी माणूस ऐकत नाही असं म्हणायची पद्धत आहे. चाचांइतका ऐकणारा पेशंट मी दुसरा बघितला नाही. चिंच त्या दिवशी बंद झाली ती झालीच. चाचींनी तर आमटीतलीही काढली आणि कोकम घालू का म्हणून मला फोन करून विचारलं. दोन वेळा ब्रश, पाण्याची चूळ, रात्री मी दिलेलं मलम. दोऱ्यासाठी फळीला खिळा ठोकून बघितला, सुताराकडचा शिकंजा आणून बघितला, सुळ्यात धरून बघितला. सुळ्यात धरलं की मान वाकडी होऊन पानं डोळ्यासमोर येत नव्हती. खिळ्याला दोरा पक्का बसत होता, पण खिळ्याला काही कळत नव्हतं. दोन-चार महिन्यांनी दोरा परत खाचेत गेला.

दोन वर्षं अशी गेली. ठणका बराच कमी झाला, झीज थांबल्यासारखी झाली. मी खूश होते. कार्डावर मी 'प्रगती चांगली' असं लिहिलेलं आहे.

मग एका मंगळवारी भर दुपारी चाचा एकटेच आले, तोंडावर रुमाल. बिद्रीच्या चिमणाबाई म्हणून त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दर वर्षी लग्नसराईच्या तोंडावर साज नव्यानं गाठवून न्यायच्या. त्यांच्या साजाची शेवटची गाठ आवळताना दात खाचेपासून वरपर्यंत उभा तडकला आणि अर्धा निसटला. तुकडा त्यांनी रुमालात बांधून आणला होता. परत चिकटवता येतो का विचारत होते. गाठ मात्र आधी पूर्ण केली होती, अर्ध्या दातानं.

नस उघडी पडली होती. शेजारच्या दातालाही बारीक चीर होती. मी जे करायला हवं तेच केलं, आजही तेच करीन. नस काढली, उरलेल्या दाताला आधार दिला आणि वरच्या पुढच्या चारही दातांवर टोप्या, म्हणजे सिरॅमिकचे क्राऊन, बसवायचं ठरवलं. एकट्या दातावर जोर येऊ नये म्हणून चारही टोप्या एकमेकींना जोडून घेतल्या. रंग इतका जुळवला की मलाच कौतुक वाटलं.

बसवायच्या आधी चाचा म्हणाले, "डाक्टर, तेवढी खाच ठिवा."

मी हसले. मला आठवतं, मी हसले. म्हटलं, एवढ्या सुंदर दाताला भोक पाडू का आता? तुमचं लग्न परत लावलं तरी मामी काही बोलायची नाही. चाचीही हसल्या. चाचा आरशात बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांचे दात असे दिसले नव्हते. त्यांनी माझे आभार मानले, नीट, दोन्ही हात जोडून.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. दोरा ठरत नव्हता. टोपी गुळगुळीत, मेण लावलेलं रेशीम तिच्यावरून सटकत होतं. आता मी हसले नाही. यंत्र लावलं आणि टोपीच्या कडेला जुन्या जागी, जुन्या मापाची खाच पाडून दिली. दुसऱ्या दिवशी ते कापलेला दोरा घेऊन आले. भाजलेल्या मातीची कड ती, रेशीम तासत होती. मी खाच घासून गुळगुळीत केली, तर दोरा सटकायला लागला. परत खोल केली, तर तुटायला लागला. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी चाचांनीच माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "दोरा ठरला तरी उपेग न्हाय. काय कळंनाच झालंय त्यात."

"काय कळत नाही?"

"ताण. चारी दात एकदम दबत्यात. कुठला दोरा, कुठली गाठ, सगळं एकच लागतंय. लाकूड चावल्यागत."

मी त्या टोप्या जोडल्या होत्या मजबुतीसाठी. सुट्या ठेवल्या असत्या तर सहा महिन्यांत उरलेला दात मुळापासून गेला असता, आणि दातच नसता तर कळणं कुठलं. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, व्हय, बरोबर हाय तुमचं. हे वाक्य मला फार लागलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते आणि प्रकरण मिटलं असतं. माझ्याकडे दात वाचवायचं औषध होतं. त्या दातात जे होतं ते वाचवायचं औषध माझ्याकडे नव्हतं, कुणाकडेच नाही, आणि ज्या दिवशी चाचा पहिल्यांदा जिना चढून आले त्याच दिवशी त्याला उशीर झालेला होता.

तरी ते वर्षभर काम करत राहिले. खिळ्यावर, शिकंज्यावर, अंदाजानं. पेढीवाल्यांनी काही म्हटलं नाही. तसंही आता निम्मे साज सोन्याच्या साखळीत तयारच येतात, त्यांना पटवेकरी लागत नाही. दोऱ्यातला साज मागणाऱ्या जुन्या बायका उरल्यात, त्या चाचांकडे यायच्या. दुसऱ्या वर्षी चिमणाबाई आल्या, साज ठेवला, आठवड्यानं घेऊन गेल्या.

तो साज भाच्याच्या हळदीत, मांडवात, त्यांच्या गळ्यातून सुटला. एक गाठ सरकली आणि तिच्यामागं सगळ्या. पानं मांडवभर पडली. बायका वाकून वाकून गोळा करत होत्या, सगळी पानं सापडली, मणीही दोन सोडून सगळे सापडले. साज सौभाग्याचा, तो भर मांडवात सुटला म्हणून म्हाताऱ्या बायका काय काय बोलल्या असतील ते मी सांगायला नको. चिमणाबाई पुढच्या सोमवारी बिद्रीहून एसटीनं आल्या आणि पुरचुंडी चाचांच्या पुढ्यात ठेवली.

मी तेव्हा तिथं होते. चाचांना नवा शिकंजा सुचवायला गेले होते, एका ऑर्थोडॉन्टिस्ट मित्राच्या डोक्यातून निघालेला, रबराचा. चिमणाबाई भांडतील असं मला वाटलं. त्या भांडल्या नाहीत.

"चाचा, असू द्या," त्या म्हणाल्या. "दोराच कच्चा असंल. दुसऱ्या दोऱ्यात गाठवा."

"दोरा चांगला हाय वहिनी," चाचा म्हणाले. "गाठच बसली न्हवती. मला कळलं न्हाय."

"मग आता बसवा की."

चाचांनी पुरचुंडी उघडली, पानं एका ओळीत मांडली, मोजली, परत बांधली आणि त्यांच्या हातात दिली. "ही साखळीत घालून घ्या सोनाराकडनं. माझी गाठ मला कळंनाशी झाली. ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालू?"

चिमणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, माझ्या सासूचा साज तुमच्या वडलांनी गाठवला होता. चाचा म्हणाले, व्हय, ठाऊक हाय. रबराचा शिकंजा मी पर्समधून काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पायरीवरची गादी गुंडाळून घरी नेली. पेढीवाले म्हणाले, बसत जा, जागा तुमचीच आहे. चाचा दोन दिवस नुसते बसलेही. पण हात रिकामे असले की आल्यागेल्याचे प्रश्न सुरू होतात. मग त्यांनी तेही बंद केलं. आता सकाळी नमाज, मग पेपर, मग चाचींच्या मागं मागं स्वयंपाकघरात. चाची फोनवर मला सांगतात, घरात माणूस असून नसल्यासारखा आहे, त्यापेक्षा दात ठणकत होते तेव्हा बरा होता, निदान बोंबलायचा तरी.

दर सहा महिन्यांनी मात्र दोघं येतात. मी दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेला, एक मिनिट उशीर नाही. या जानेवारीतही आले. चाचा खुर्चीत बसले, मी सांगायच्या आधीच तोंड उघडलं. हिरड्या उत्तम. टोप्या जशाच्या तशा. मागच्या दातांवरची झीज पाच वर्षांपूर्वी होती तिथंच थांबलेली. आमच्या कॉलेजातल्या पोरांना दाखवावं असं तोंड. मी तसं म्हटलंही. चाचींना आनंद झाला.

चाचांनी तोंड पुसलं. "हे दात अजून किती वर्सं टिकत्यात, डाक्टर?"

"असेच सांभाळलेत तर पंधरा. वीससुद्धा टिकतील."

"म्हंजे मी मरंपतूर."

"हो."

त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आनि तवर ह्या दातांनी करू काय मी?"

मी हातमोजे काढत राहिले. चाचीच शेवटी म्हणाल्या, "जेवायचं."

"व्हय," चाचा म्हणाले. "जेवायचं."

मी कार्डावर जुलैची तारीख लिहून दिली. त्यांनी ती वाचली, खिशात ठेवली आणि चाचींच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले.